दुसरीच्या मापाचा गाऊन

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण हे खरं घडलंय. फ्रान्समधल्या लियों गावात, १७८३ च्या मार्चात. क्लोदीन माझ्या समोरच राहायची.

ती बायकांचे गाऊन शिवायची. गिऱ्हाइकागणिक एक लांब कागदी पट्टी. छाती, कंबर, बाही... मापाच्या जागी कात्रीची खाच. बाई वारली की तिची पट्टी क्लोदीन चुलीत घालायची.

मादाम वेर्ने वारल्या, तेव्हा मात्र राहून गेलं.

त्यांच्या मुलीने त्यांचा निळा रेशमी गाऊन क्लोदीनला देऊन टाकला. पाठीवर मोकळ्या घड्यांचा, जुन्या तऱ्हेचा. क्लोदीनच्या धाकट्या बहिणीचं, फ्लरीचं लग्न ठरलेलं. आईमागे तिनेच वाढवलेली. क्लोदीनने तो गाऊन उसवला आणि त्यातून फ्लरीसाठी नवा, अंगासरसा बेतला.

घालून पाहिला. कंबर चार बोटं कमी!

"अजून हाण लोणी!" क्लोदीन म्हणाली.

"ताई, तुझीच कात्री आंधळी झालीय!"

क्लोदीनने पट्टी उलटून पाहिली. वर नाव होतं... वेर्ने.

आता जास्तीचं कापड कुठून आणणार?

आठवड्याने पुन्हा घातला. दोनच बोटं कमी. फ्लरीचं जेवण तर तेच होतं.

तिसऱ्या खेपेला गाऊन चपखल बसला.

क्लोदीन खूश झाली. मग तिचं लक्ष बाह्यांकडे गेलं. आधी फ्लरीच्या कोपराखाली चार बोटं लोंबायच्या त्या. आता बरोबर कोपराशी...

कंबर बारीक होईल एक वेळ. हात कसे लांब होतील?

तिने तीच पट्टी फ्लरीला लावली. छाती जुळली. खांदा जुळला. एकूण एक खाच जुळली.

ती चुलीकडे धावली. पट्टी चुलीत टाकली. जळून राखही झाली.

"फ्लरी, काढ तो गाऊन! आत्ताच्या आत्ता!"

फ्लरी आरशासमोरून हलली नाही.

"हात लावू नका, बाई. तुमचं काम झालंय."

क्लोदीन खाली वाकली. टाचण्या वेचून डबीत भरल्या.

लग्न झालं. नवऱ्याला काही वेगळं वाटलं नाही. फ्लरी अजून माझ्या दारावरून जाते, आणि मी दार लावून घेते. का, ते मला विचारू नका.

क्लोदीनलाही लग्नाचं बोलावणं होतं. गाऊनचा मागचा घोळ सावरायला. गेली ती, आणि शेवटपर्यंत सावरत राहिली.