पार्वतीबाईंची करंगळी

हट्ट्याच्या शिवारात रबीची ज्वारी उगवून आली, की कोणत्या रानात कोणाची मूठ होती हे गावातलं कोणीही बांधावरून सांगायचं. यात जादू काही नव्हती. तिफणीच्या मागं चालत बाई तिच्यावरच्या लाकडी वाटीत, चाड्यात, बी सोडते, चाड्यातून ते तीन नळ्यांत जातं आणि तीन तासांत, म्हणजे तीन ओळींत, पडतं. हात घाबरा असला की ज्वारी झुबक्यानं उगवते, आखडता असला की तुटाळी पडते, मधेमधे जमीन उघडी राहते. सहा दिवसांनी सगळी हकीकत हिरवी होऊन वर येते, लपवायची म्हटली तरी लपत नाही.

पार्वतीबाईंचं रान तर लेकरंसुद्धा ओळखायची. त्यांच्या तीन तासांतलं उजव्या हाताचं तास नेहमी दाट, कारण बाईंच्या उजव्या हाताला करंगळीच नव्हती. बाई डावऱ्या. बारा वर्षांच्या असताना, लग्न होऊन पहिल्याच सुगीला, डाव्या हातातला विळा निसटला आणि उजवी करंगळी बुडापासून गेली. मूठ मात्र उजव्या हातानंच धरायची, तशी रीत. करंगळीच्या जागेतून बी गळायचं आणि कडेच्या नळीत जास्तीचं पडायचं. लोक बांधावरून ओरडायचे, "पार्वतीबाई, करंगळी उगवली बरं का तुमची!" बाई खदखदून हसायच्या. "उगवंल न्हाई तर काय? त्याच रानात पुरली हाय म्या!"

अशी बाई. विसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात एकटा उत्तम. भावकीनं रानावर डोळा ठेवला, तेव्हा चावडीत उभ्या राहून त्यांनी चार बोटांचा पंजा सगळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "तुमच्यापैकी कोणी काय दिलं ह्या रानाला?" भावकी उठून घरी गेली. शेजारच्या पिंजाऱ्याच्या मदीनाबीबरोबर त्यांनी अर्ध्या गावाची बाळंतपणं केली. बैलांशी त्या तासन्‌तास बोलायच्या, माणसांशी मात्र भांडायच्या. सून मनकर्णा हिच्यावर त्यांचा जीव होता, पण तो शिव्यांतून कळायचा.

दर साली पेरणीला त्या म्हणायच्या, "मनकर्णे, औंदा तू धर मूठ. मी किती दिस पुरनार?"

"फुडच्या साली, आत्याबाई."

बारा वर्षं हे असंच चाललं. मनकर्णाला वाटायचं, आपण मूठ धरली की म्हातारी रिकामी होईल, आणि रिकामी झाली की थकेल. प्रेमापोटीच केलं तिनं ते. पण चूक ती चूकच.

चव्वेचाळीसच्या श्रावणात पार्वतीबाई तीन दिवसांच्या तापानं गेल्या. लढाईचे दिवस होते, दिव्याला रॉकेल मिळत नव्हतं, आणि त्या साली बीही जेमतेम होतं. मागच्या हंगामात दाणा भरला नव्हता. पार्वतीबाईंनी एकेक कणीस निवडून, राख आणि लिंबाचा पाला घालून कोठीत ठेवलं होतं तेवढंच. पेर वाया गेली तर दुसऱ्या पेरणीला घरात मूठभर दाणा नव्हता.

आणि घरात आणखी एक दुःख होतं. मनकर्णाची सहा वर्षांची सेवा जेवेना. आजीची भाकर ती ताटात पडताच ओळखायची. थापून झाली की शेवटी पार्वतीबाई भाकरीवर पूर्ण उजवा पंजा दाबायच्या, आणि पोरगी त्या ठशावर बोट ठेवून मोजायची, अंगठा, एक, दोन, तीन. मग पहिला घास. आता मनकर्णाही तसाच पंजा दाबून द्यायची. सेवा बघायची, ताट सरकवायची आणि म्हणायची, "ही आज्जीची न्हाई." दोन महिन्यांत लेकराच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

हस्ताचा पाऊस होऊन वाफसा आला, जमीन पेरणीजोगी झाली. उत्तमरावांनी मूठ धरायला शकुबाईला सांगून ठेवलं होतं, पण ती त्याच सकाळी स्वतःच्या रानात अडकली. वाफसा काही कोणासाठी थांबत नाही.

"तूच धर," उत्तमराव म्हणाले.

"आवं, मला येत न्हाई."

"मायच्या मागं बारा साल चाललीस ना?"

मदीनाबी ओटी भरायला आली. हे काम सासूचं. तिनं मनकर्णाच्या ओटीत बी ओतलं आणि हात तिथंच थांबवला. "बी गरम काहून हाय गं, बेटी?"

"उनात व्हतं," मनकर्णा म्हणाली. बी काही उन्हात नव्हतं, ती आत्ताच कोठीतून काढून आली होती. पण गार असायला हवं असंही काही नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पहिल्या फेरीला तिची मूठ लाकडासारखी झाली. दाणे गचागच पडत होते, ते तिला नळ्यांत ऐकूही येत होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रानाच्या टोकाला बैल वळले आणि बाभळीजवळ आपणहून थांबले. तिथं पार्वतीबाई पाणी प्यायच्या, ती त्यांची सवयच. उत्तमरावांनी तांब्या पुढं केला. तिनं पाणी प्यायलं.

"आत्याबाई," ती हलकेच म्हणाली, "चुकलं माझं. दर साली चुकलं."

परतीच्या फेरीला हात सैल झाला. दाणे नळ्यांत सुरळीत वाजायला लागले. तिला आत्याबाईंच्या मिसरीचा वास आला, पण अंगावरचं लुगडं सासूचंच होतं, वास असणारच. दुपारपर्यंत करंगळी बधिर झाली, ती सकाळपासून मूठ धरल्यामुळं. सूर्य कलला तेव्हा शेवटचं तास संपलं आणि ओटीत बरोबर एक मूठ बी उरलं. पाखरांसाठी पार्वतीबाई एवढंच ठेवायच्या. मनकर्णानं ते बांधावर उधळलं आणि तिथंच बसून पोटभर रडली. तिला फार हलकं वाटलं.

सहाव्या दिवशी उत्तमराव सकाळीच रानातून परत आले, पायाची माती न धुता ओसरीवर बसले.

"रान बघायला चल."

"तुटाळी पडली का?"

"एकबी न्हाई. चल तू."

ज्वारी सुरेख आली होती, कोवळी, ओळीत. पहिल्या फेरीची तीन तासं तेवढी झुबक्याझुबक्यानं. तिथून पुढं सगळं एकसारखं, आणि जाताना उजवं, येताना उजवं, तेच एक तास दाट. दोन दाट ओळी शेजारीशेजारी, मग चार विरळ, पुन्हा दोन दाट, अशा पार बाभळीपर्यंत.

"नळी मोठी असंल," मनकर्णा म्हणाली.

उत्तमरावांनी तिफण सोबतच आणली होती. त्यांनी चाड्यात चाळलेली बारीक वाळू ओतली. तिन्ही नळ्यांखाली सारखे ढीग पडले. त्यांनी पुन्हा ओतली. पुन्हा सारखे.

"तुजी मूठ बघू."

तिनं मूठ मिटून दाखवली. पाची बोटं जाग्यावर होती, घट्ट. उत्तमरावांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि सोडून दिली.

बांधावरून कोणीतरी जात होतं. त्यानं रान पाहिलं, सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. नंतर तो घाईनं चालायला लागला.

मनकर्णाला भीती वाटली नाही, हे खरं सांगायला पाहिजे. तिला बरंच वाटलं. वर्ष निभावलं होतं.

घरी येऊन तिनं चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. भर दुपार होती, दारातून ऊन परातीपर्यंत आलं होतं. सेवा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली.

मनकर्णानं भाकर थापली, शेवटी पंजा दाबला, भाजून ताटात टाकली. सेवानं नुसतं पाहिलं. मग ती पुढं सरकली आणि भाकरीवर बोट ठेवलं.

"अंगठा, एक, दोन, तीन," ती म्हणाली आणि घास मोडला.

"नीट मोज गं."

"मोजलं ना. आज्जीची हाय." तोंड भरलेलं होतं. दोन महिन्यांनी पोरगी भूक लागल्यासारखी खात होती.

मनकर्णानं दुसरा गोळा घेतला. हात कोरड्या पिठात मनगटापर्यंत बुडवला. भाकर थापली. मग उन्हाच्या पट्ट्यात, बोटं फाकवून, एकेक बोट मोजत तिनं पंजा दाबला आणि उचलला.

भाकरीवर अंगठा होता आणि तीन बोटं होती.

तिनं हात उलटा करून पाहिला. चार बोटं पिठानं पांढरी झाली होती. करंगळीला पीठ लागलंच नव्हतं.

"आनखी एक दे," सेवा म्हणाली.

तिनं ती भाकर तव्यावर टाकली.