नळीवरचा गंज

सांगलीत, विश्रामबागेत आमचं बंदुका दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या मागं परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा बरीच गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "कारागीर कुठं गेलाय?" मी धातुशास्त्र शिकले याच शहरात, आणि कानस धरायला शिकले वडिलांच्या हाताखाली. आता तसं कुणी विचारत नाही. कऱ्हाडपासून जतपर्यंतच्या बंदुका माझ्या टेबलावरून जातात, आणि हे मी अभिमानानं सांगते. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या की लोखंडाला गंज का येतो, हे मला कळतं.

फेब्रुवारीत उंब्रजहून लालासाहेब आले. निवृत्त सुभेदार, ऐंशीच्या पुढचे, पाठ अजून ताठ. बरोबर त्यांचा मुलगा नानासो. लालासाहेबांनी पंच्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काढलं, चक्र उघडून ते रिकामं असल्याचं दाखवलं आणि माझ्यापुढं ठेवलं. जुनं, विलायती बनावटीचं. अंगावर निकेलचा मुलामा. मुठीकडं तो अजून चकचकीत होता, पण नळीवर त्याला फोड आले होते, पापुद्रे सुटत होते.

"आमच्या आबांचं हाय, माज्या वडलांचं," लालासाहेब म्हणाले. "इटलीच्या लढाईत सायेब पडला, तवा त्यानं आबांच्या हातात दिलं. म्हनला, पुढं तू ने. आन आबांनी नेली पलटन पुढं."

"ताई, समदं खरवडून काढा आन नवं निकेल चढवा," नानासो म्हणाले. "आरशागत दिसाय पायजे. पुढल्या म्हयन्यात आमच्या पुतणीचा सत्कार हाय. आल्यागेल्याला दाखवाय येतंय."

पुतणी म्हणजे संयोगिता. नानासोंच्या वारलेल्या थोरल्या भावाची मुलगी, नुकतीच फौजेत लेफ्टनंट झालेली.

"आमच्या भावकीत शिपाई लय झालं, सुभेदार झालं," लालासाहेब म्हणाले. "हपिसर ही पयलीच." एवढं बोलून त्यांनी नाक शिंकरलं.

मी त्यांना अडचण सांगितली. नवा मुलामा आरशागत चढवायचा तर आधी पोलाद घासावं लागतं, आणि घासलं की त्यावरचे जुने शिक्के, आकडे पुसट होतात. चमक येते, वय जातं. एकदा गेलं की परत आणता येत नाही.

"वय कुनाला दाखवायचंय?" नानासो म्हणाले. "पुढं माझ्याच नावावर येनार हाय. मला चमक पायजे."

नीट तपासून रविवारी सांगते, असं मी म्हटलं आणि पावती करून दिली.

ते गेल्यावर मी रिव्हॉल्व्हर पुसलं, तेलाचा हात दिला आणि तिजोरीत ठेवलं. सकाळी काढलं तर नळीवर, जिथं पापुद्रे निघाले होते तिथं, नारिंगी गंज होता. ताजा. बोट फिरवलं की निघणारा.

काही माणसांचा घाम लोखंडाला बाधतो. हात लावला की रात्रीत ठसा उमटतो. आमच्या धंद्यात ही नेहमीची गोष्ट. नानासोंनी हाताळलं असेल, माझं नळीवर नीट पुसायचं राहिलं असेल, असं मानून मी परत पुसलं. या खेपेला हातमोजे घातले.

दुसऱ्या सकाळी गंज होताच. नळीच्या एका अंगाला चार पट्टे, दुसऱ्या अंगाला एक, रुंद.

हवा कोरडी होती. सांगलीत त्या दिवसांत ओठ फुटतात. तरी मी ओल शोषणाऱ्या पुड्या आत ठेवल्या. रिव्हॉल्व्हर दुसऱ्या कपाटात हलवलं, त्याची किल्ली गळ्यात ठेवली. सकाळी पुन्हा तेच पट्टे, त्याच जागी. ठेवताना मी नळी दाराकडं केली होती. आता मूठ दाराकडं होती. आपणच तसं ठेवलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला पटलं नाही.

त्या दिवशी मी कामाला हात लावला नाही. टेबलाशी बसून ते पट्टे बघत राहिले. मग मोजा घातलेला हात नळीभोवती धरून पाहिला. चार बोटं, एक अंगठा. माझ्या हातापेक्षा बरीच लांब बोटं.

हत्यार चालवणारा मूठ धरतो. नळी धरतो तो दुसऱ्याच्या हाती देणारा. आमच्याकडं तशीच रीत आहे: नळी आपल्या हातात, मूठ समोरच्याकडं.

नळीच्या खालच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, मी नखाएवढा मुलामा उतरवून पाहिला. निकेलखाली तांबं, तांब्याखाली पोलाद. आणि पोलादात बारीक खड्डे. जुन्या गंजानं खाल्लेले, एका बोटाच्या रुंदीच्या पट्ट्यात. मुलामा चढण्याच्या आधीचे.

मी उंब्रजला फोन लावला.

"लालासाहेब, याला निकेल कुणी चढवलं?"



"म्या," ते म्हणाले. "आबा गेल्यावर. रोज पुसायचो, रोज गंज यायचा. आई लय भ्यायची. मग झाकून टाकलं. इतकी वर्सं काय बी न्हाई झालं. संयोगिताची परेड बघून आलो, तवापासनं पापुद्रं सुटाय लागलं."

"आताही रोज येतोय," मी म्हटलं.

"कुठं आलाय गंज?" त्यांनी विचारलं.

"नळीवर."

"मूठ?"

"मुठीला काही नाही. स्वच्छ आहे."

"व्हय," ते म्हणाले. "मूठ मोकळीच असती."

रविवारी दुपारी तिघं आले. संयोगिता सुट्टीवर होती. साधा पंजाबी ड्रेस, बारीक कापलेले केस, आजोबांसारखीच पाठ. मी रिव्हॉल्व्हर ट्रेमध्ये हिरव्या कापडावर ठेवलं आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. खरवडून नवा मुलामा चढवला तर मी तो असा चढवीन की पन्नास वर्षं काही दिसणार नाही, हेही सांगितलं.

"मग चढवा की," नानासो म्हणाले. "घाम आन बोटं काय सांगताय? जुनं लोखंड हाय, गंजनारच." त्यांनी मुठीला हात घातला. रिव्हॉल्व्हर कापडावर जरासं सरकलं. त्यांनी हात काढून घेतला आणि तो पँटला पुसला.

"जड लागतंय," ते म्हणाले. मग भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

संयोगितानं मला विचारलं, "झाकलं नाही तर?"

"गंज येईल."

"येऊ दे. मी पुसत जाईन." ती ट्रेकडं बघत होती. "निकेल उतरवा. घासू नका, वर काही चढवू नका. त्यांचे हात आहेत ते. ते कशाला लपवायचे?"

"आगं, लोक काय म्हनतील?" नानासो म्हणाले.

"आमचे पणजोबा आहेत म्हणून सांगायचं, काका."

लालासाहेबांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठून उभे राहिले.

"मग तूच घ्ये," ते म्हणाले.

ती पुढं आली. मुठीला हात घातला. उचललं.

रिव्हॉल्व्हर कापडावरून वर आलं आणि तिथंच थांबलं.

तिच्या मनगटाची शीर ताणलेली मला दिसली. ती ओढत नव्हती. वाट बघत होती.

तिची नजर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हती. समोर, ट्रेच्या पलीकडं, स्वतःपेक्षा वीतभर उंच.

लालासाहेबांनी टाचा जुळवल्या.

"घेतलं," ती हळू म्हणाली.

तिचा हात एकदम हलका झाला. कोपर मागं आला.

नंतर मी निकेल उतरवलं. पोलाद आता उघडं आहे, खड्ड्यांसकट, आणि माझ्या हातून झालेल्या कामांत मी ते सगळ्यात वरचं मानते. परवान्याचा अर्ज संयोगिताच्या नावानं गेला. कागद नानासोंनीच आणून दिले. सत्काराच्या दिवशी लालासाहेबांनी सगळ्या भावकीला एकेक करून रिव्हॉल्व्हर दाखवलं म्हणे. गंज पुन्हा आलेला नाही.

त्या दुपारची एकच गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. तिनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं तेव्हा नळी माझ्या बाजूला होती. उरलेल्या निकेलवर दमट बोटं उमटली होती, आरशावर वाफ धरावी तशी. कोरड्या हवेत ती माझ्यासमोर वाळत गेली. सगळी एकदम नाही. आधी करंगळी सुटली. मग शेजारचं बोट. मग बाकीची दोन.

अंगठा बराच वेळ राहिला.