दुसरीच्या वर्गाचा गुरुवार

एर्मेक त्या दिवशी खिडकीचं माप घ्यायला आला होता, प्रेमात पडायला नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर गावात बरंच उलटसुलट बोललं गेलं. मी शाळेत मुलांची लापशी शिजवते. माझ्या चुलीसमोर अंगण आणि अंगणापलीकडे दुसरीचा वर्ग. न बघायचं ठरवलं तरी दिसतंच.

मार्च सरत आला होता. छपरावरचा बर्फ वितळून टपटप गळत होता, अंगणात घोट्याएवढा चिखल. शाळा कधीच सुटली होती. एर्मेक दुसरीच्या वर्गाचं दार ढकलणार, तोच आतून आवाज आला... बारीक, रडवेला.

"एजे, माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं..."

मग लगेच दुसरा, घोगरा. "एजे, ह्याने मला लाथ मारली."

आणि मग तिसरा, शांत, जरा दमलेला. "छे. इथे वजाबाकी चालायची नाही. ती आधी घ्यायला हवी."

त्याने दार उघडलं. आत एकटी सायकाल, त्या वर्गाची बाई. पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसलेली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"बाकीचे कुठे गेले?" त्याने विचारलं.

"कोण बाकीचे?"

"आत्ता बोलत होते ते."

सायकालच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. "घरी गेले. आवाज तेवढे विसरून गेले. आपण कोण?"

"सुतारकाम शिकवायला आलोय, नवीन. ही काच फुटलीये म्हणे..."

"मग काचेकडे बघा."

त्याने निमूट काचेकडे बघितलं. पण धड उरलेल्या अर्ध्या काचेत तीच दिसत होती... आणि तिथे बघायला तर तिनेच सांगितलं होतं.

सायकाल ही मुलांची एजे, म्हणजे ताईही तीच आणि बाईही तीच. दुसऱ्या दिवसाचे तास ती टेबलाशी बसून कधीच आखत नाही. शाळा सुटली की एकेका पोराच्या बाकावर जाऊन बसते, त्याच्या डोळ्यांनी फळा बघते, त्याच्या तोंडाने कुरकुरते, आणि मग ठरवते कोणता तास कुठे. मी इथे बऱ्याच बाया आलेल्या-गेलेल्या पाहिल्या. असं करणारी हीच.

आता, एका खिडकीला एक माप पुरतं. एर्मेकने तीनदा घेतलं. काच बसवल्यावर ती नीट बसली का, ते बघायला पुन्हा आला. चुलीपाशी उभं राहून मी एवढंच विचारलं, "काच फारच नाजूक दिसते?" तर म्हणाला, "तुमची लापशी करपतेय, एजे." करपत नव्हती.

एप्रिलमध्ये काराकोल शहरातल्या एका मोठ्या शाळेने सायकालला बोलावलं. एका गुरुवारी दिवसभर तिथला वर्ग घेऊन दाखवायचा, पसंत पडली तर सप्टेंबरपासून तिथे. आमच्या मुख्याध्यापिका दामिरा एजे, तोंडाच्या फटकळ आणि मनाच्या त्याहून थोड्या कमी फटकळ. त्या म्हणाल्या, "जा की. पण गुरुवारी माझा वर्ग ओसाड राहता कामा नये. दिवसभराची आखणी आणि ती शिकवणारं माणूस, दोन्ही मला दाखव आणि मग जा."

एर्मेक तिथेच दाराची बिजागरी पिळत होता. ती सैल नव्हतीच. "मी घेतो वर्ग," तो म्हणाला.

"तू? तू लाकडाला शिकवतोस."

"तेही पहिल्यांदा सांगून ऐकत नाही, एजे."

दामिरा एजेंनी त्याच्याकडे बघितलं, मग सायकालकडे, आणि मग कारण नसताना खोकल्या.

त्या दुपारी दुसरीच्या वर्गात दोघं बसले. जर्दाळूला बहर आलेला. नव्या काचेची खिडकी उघडी, वाऱ्यासरशी एखादी पाकळी आत यायची आणि बाकावर पडायची.

"इथे बसा," सायकाल म्हणाली.

"पाय मावत नाहीत."

"बेक्तूरचेही मावत नाहीत. म्हणून तो पुढच्याच्या बाकाखाली सोडतो आणि मग भांडण होतं. आता सांगा, पहिला तास वाचनाचा का ठेवलाय?"

"सकाळी डोकं ताजं असतं म्हणून."

"बेक्तूर सकाळी मेंढ्या रानात सोडून पळत येतो म्हणून. त्याला धाप लागलेली असते. बाकीचे वाचतात, तो ऐकत ऐकत निवतो. दुसरा तास वजाबाकी, आणि ती हाडांनी."

"हाडांनी?"

"मेंढीच्या घोट्याची हाडं. सगळ्यांच्या खिशात असतात, खेळतात ना त्यांनी. खेळात हरायला लागलं की वजाबाकी कोणाला समजावून सांगावी लागत नाही."

"लापशीनंतर?"

"गाणं. लापशीनंतर कोणालाच काही शिकवता येत नाही." हे मला आवडलं नाही, पण खरं आहे. "आणि चौथ्या तासाला ऊन इथे येतं, मीरिमच्या बाकावर. ती झोपते. उठवायचं नाही."

"का?"

"तिची आई रात्रपाळीला जाते. धाकट्याला हीच बघते." सायकालने बाकावरची पाकळी बोटाने उचलली. "म्हणून त्या तासाला चित्रकला. चित्र उठल्यावर पुरं करता येतं. झोपेत हुकलेलं गणित नाही येत."

एर्मेक मीरिमच्या बाकाकडे बघत राहिला. दारांचे, कपाटांचे, आख्ख्या घरांचे बेत त्याने पाहिले होते. एका लहान पोरीच्या डुलकीसाठी जागा सोडलेला बेत तो पहिल्यांदाच बघत होता. बायकांचे डोळे, केस बघून खुळावलेले पुरुष मी खूप पाहिले, एखादीची समज बघून असा थबकलेला मात्र नाही. तिथे मी त्याच्या नावावर पहिली बरी नोंद केली.

"आता तुम्ही शिकवा. मी मुलं होते," ती म्हणाली.

तो फळ्यापाशी उभा राहिला. हातात खडू.

"अगाय," सायकाल चिमटलेल्या आवाजात म्हणाली. सरांना मुलं अगाय म्हणतात. "अगाय, तुम्ही सारखे एजेंकडे का बघता?"

"हे कोण विचारतंय?"

"अदिलेत. तो सगळं विचारतो."

"मग त्याला उत्तर काय देऊ?"

"ते... आखणीत नाही," ती म्हणाली आणि उठून खिडकी लावायला गेली. वारा तेवढा नव्हता.

"आणि तुम्ही परत नाही आलात तर?"

"शुक्रवारी येणारच आहे."

"मी शुक्रवारचं नाही विचारत."

खिडकीची कडी धरूनच ती म्हणाली, "तिथे प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या आहेत. म्हणजे चार बाया. एकीचं चुकलं तर दुसरी सांगते. इथे मीच विचारते, मीच उत्तर देते, बाकावर बसून... तुम्ही ऐकलंच आहे. मला जायचंय, एर्मेक अगाय. मनापासून."

त्याने मान हलवली. खडू जागेवर ठेवला. "मग गुरुवार नीट झाला पाहिजे," एवढंच म्हणाला.

गुरुवारी काय झालं ते लापशी ढवळताना मी डोळ्यांनी पाहिलं, पण ते सांगायचा मान मुलांचा. शुक्रवारी सायकाल वर्गात आली ती हसतच. काराकोलला तास छान झाले होते, उत्तर कळवतो म्हणाले होते.

"काल पहिला तास कशाचा झाला?"

"वाचनाचा, एजे."

"दुसरा?"

अदिलेत उभा राहिला. "दुसऱ्या तासाला रडलो."

"कोण रडलं?"

"आधी मीरिम. एजे कधी येणार, म्हणून. मग सगळेच."

"मग अगाय काय म्हणाले?"

"म्हणाले, हे आखणीत नाही."

"आणि?"

"आणि बेक्तूरच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, मलाही करमत नाहीये. मग आम्हीच त्यांना हाडांनी खेळायला शिकवलं. ते सारखे हरले." अदिलेतने जरा विचार केला. "म्हणजे वजाबाकी झाली, एजे."

सायकाल वळली आणि कोरा फळा पुसायला लागली. बराच वेळ पुसला.

सुट्टीत व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "माझ्या आखणीत चूक काढलीत म्हणे."

"एकच. प्रत्येक पोराचा विचार केलात. तुम्ही नसलात तर काय होतं, तेवढं राहिलं."

"त्याची तयारी कशी करतात?"

"मला विचारता? मी तर पोरांच्यात बसून होतो."

ती हसली, पण डोळे हसले नाहीत. त्यानंतरचे काही दिवस तिने बाकांवर बसून आवाज काढलेले मी ऐकले नाहीत. नुसती बसायची.

पुढच्या आठवड्यात फोन आला. एर्मेक ऑफिसात दामिरा एजेंच्या टेबलाचा खण दुरुस्त करत होता. दामिरा एजेंनी ऐकलं, फोन ठेवला, म्हणाल्या, "घेतलं तिला." बस्स. तो उठला आणि चिखलातून थेट दुसरीच्या वर्गाकडे पळाला. दामिरा एजे मागून, आणि त्यांच्यामागे डाव हातात घेऊन मी.

दारात उभं राहून तो म्हणाला, "सुयुन्चू."

आमच्याकडे चांगली बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याने हा शब्द म्हणायचा, आणि ज्याची बातमी त्याने, तो मागेल ते द्यायचं. नाही म्हणायची रीत नाही. लोक रुमाल मागतात, कोकरू मागतात. सायकालला बातमी न सांगताच कळली. तिचा चेहरा उजळला, आणि मग त्याच्याकडे बघताना हळूहळू उतरला. तो काय मागू शकतो, हे तिला कळलं. आम्हालाही कळलं. 'जाऊ नका' एवढेच दोन शब्द पुरे होते, आणि आख्ख्या वर्गासमोर तिला ते मागणं पुरं करावं लागलं असतं.

"काय हवंय?" तिने हळू विचारलं.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघितलं.

"रविवार," तो म्हणाला. "एक आख्खा रविवार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत... तुम्ही आखलेला."

"किती मुलांसाठी?"

"दोघांसाठी."

पोरांना काही कळलं नाही. मीरिमला बहुतेक कळलं, ती हसली.

"मला वाटलं, तू दुसरंच काहीतरी मागशील," सायकाल म्हणाली. तुम्हीचा तू झालेला तिच्या लक्षातही आला नाही.

"मागणार होतो. दारापर्यंत तेच घेऊन आलो होतो."

"मग?"

"मग तुमचा चेहरा बघितला."

ती खाली बघत राहिली. कानांच्या पाळ्या पुन्हा लाल. मग बाई जशी गृहपाठ देते तशा आवाजात म्हणाली, "एक रविवार पुरायचा नाही. सप्टेंबरपर्यंतचे सगळे मी आखते. त्यापुढचे काराकोलचे... ते तू आखायचे."

एर्मेक काहीतरी म्हणाला, पण ते मला ऐकू आलं नाही. दामिरा एजे मात्र माझ्या शेजारी उभ्या राहून बोटांवर मोजत होत्या.

"म्हणजे सप्टेंबरात मला एक नाही," त्या म्हणाल्या, "दोन माणसं शोधायला लागणार."

दोघांपैकी कोणीच नाही म्हणालं नाही.