नजरगहाण ठेवलेलं तांबं

"माझ्या बाबांनी लाच खाल्ली नाही, एवढं सिद्ध करून द्या," असं म्हणताना त्या मुलीला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या, आणि त्यांच्या नजरेतून सुटणं कठीण, असा त्यांचा लौकिक होता. शेजारी बसलेले भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते फोटो स्टुडिओ चालवत आणि उरलेल्या वेळात वहिनींची गाडी. त्यांचं डोकं जरा सावकाश चालायचं, गाडी मात्र सुसाट.

मुलीचे वडील सरकारी बँकेत शाखेचे मॅनेजर. त्यांनी एका कारखानदाराला मोठं कर्ज दिलं होतं आणि त्याच्या गोदामातली तांब्याच्या तारेची भेंडोळी नजरगहाण घेतली होती. म्हणजे माल कारखानदाराच्याच ताब्यात राहायचा, बँकेने दर महिन्याला जाऊन तो नुसता पाहून यायचा. हप्ते थकले तेव्हा बँक जप्तीला गेली, तर गोदाम रिकामं!

"कारखानदार म्हणतो, माल वर्षापूर्वीच विकला. बाबा पैसे घेऊन, घरबसल्या खोटे अहवाल लिहायचे म्हणे. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. आता निलंबित आहेत, पेन्शनही अडकेल. पेपरात तर रोज येतंय, असली कर्जं बुडवणाऱ्या सरकारी बँका विकून टाका म्हणून." ती थांबली. "आणि मीही त्यांना विचारलं, बाबा, खरंच घेतलेत का हो पैसे? तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत."

भाऊजी एकदम उठून उभे राहिले. "वहिनी, ही केस घ्यायचीच. सगळीकडून हात हलवत परत आलो होतो, तेव्हा याच साहेबांनी मला कॅमेऱ्यासाठी कर्ज दिलं. आज घरात चूल पेटते ती त्या माणसामुळे. फी मी देतो."

"बसा खाली," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या चुलीवरचं मीही खाते. फी कसली देताय?"

मॅनेजर घरी खुर्चीत बसले होते. खिशाला पेन होतं, जायला ऑफिस नव्हतं.

"माल तुम्ही खरंच पाहत होतात?" वहिनींनी विचारलं.

"दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. एकदाही चुकवलं नाही."

"आणि मोजायचात कसा?"

"प्रत्येक भेंडोळ्यावर खडूने फुली मारत जायचो, म्हणजे एकच दोनदा मोजलं जात नाही. पुढच्या खेपेला सगळी लखलखीत पुसलेली असायची. माल इतका निगुतीने ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता. म्हणून तर विश्वास बसला."

वहिनी उठून चपला घालू लागल्या. भाऊजींना वाटलं, आता संपलंच.

गोदामाच्या फाटकावरचा वॉचमन तोंडाने फटकळ होता. "आत आलेले ट्रक मी मोजलेत, बाई. भरून बाहेर गेलेला एकही नाही. मालक म्हणतो विकला. मग काय तांब्याला पंख फुटले?"

"या इमारतीला मागचं दार आहे?"

"आमच्या बाजूला नाही. मागचा अर्धा भाग मालकाच्या मेहुण्याकडे आहे. त्याचं दार मागच्या रस्त्याला. मधे आडवी भिंत."

आत त्या भिंतीला टेकून एक उंच लोखंडी मांडणी उभी होती. तिच्यासमोर फरशीवर अर्धगोल ओरखडा उमटला होता. वहिनी तो न्याहाळत होत्या, तेवढ्यात भाऊजी एका पायावर नाचू लागले. त्यांच्या चपलेला निळ्या चकचकीत कागदाचा चिकट तुकडा लागला होता.

"टाकू नका," वहिनी म्हणाल्या. "इकडे द्या."

कारखानदाराने दोघांना थंडगार केबिनमध्ये बसवलं. "धंद्यात तोटा झाला, माल विकावा लागला. तुमच्या साहेबांना त्यांचा वाटा पोचत होता. आता साळसूदपणाचा आव कशाला?"

"माल नेला कशातून?"

"ट्रकमधून! डोक्यावरून नेतात का कुणी?"

शेवटी मेहुण्याला कर्ज देणारी खाजगी बँक. तिथल्या भिंती निळ्या, खुर्च्या निळ्या आणि तरुण अधिकाऱ्याचा टायसुद्धा निळा.

"मेहुण्याचाही तांब्याचाच धंदा. गोदाम कायम भरलेलं," तो ऐटीत म्हणाला. "आमचं खडूबिडूवर चालत नाही, मॅडम. प्रत्येक नगावर स्टिकर लावतो. तांबं तेलकट, म्हणून ते गळून पडतात. महिनाअखेरच्या भेटीत पुन्हा लावतो, एवढंच."

बाहेर आल्यावर भाऊजींनी कपाळाला हात लावला. "वहिनी, वॉचमन खोटं बोलतोय की मॅनेजर?"

"दोघंही खरं बोलतायत, भाऊजी. तिथेच तर सगळं उलगडतं."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना रिकाम्या गोदामात बोलावलं. बँकेचा चौकशी अधिकारी, पोलीस, टायवाला, कारखानदार, मॅनेजर आणि त्यांची मुलगी.

"माल ट्रकमधून गेला, असं मालक सांगतात. पण भरलेला ट्रक फाटकाबाहेर पडलाच नाही," वहिनींनी सुरुवात केली. "वॉचमनला मालकाविरुद्ध खोटं बोलून काय मिळणार? म्हणजे माल गेला तो दुसऱ्या वाटेने."

"मॅनेजरसाहेबांच्या फुल्या दर महिन्याला पुसल्या जायच्या," त्या पुढे म्हणाल्या. "साहेबांना वाटलं, काय ही निगा! पलीकडे या खाजगी बँकेचे स्टिकर दर महिन्याला निघायचे. यांना वाटलं, तेलामुळे. दोघांच्याही खुणा टिकत नव्हत्या आणि दोघांनीही आपापली समजूत काढून घेतली. एका बँकेची खूण दुसरीला दिसून कोणाला चालणार नव्हतं?"

कारखानदाराने घाम पुसला.

"एकच माल. साहेबांसाठी महिन्याच्या सुरुवातीला इकडे, यांच्यासाठी महिनाअखेर तिकडे. भेटीचे दिवस ठरलेले, त्यामुळे घाई नाही. खाजगी बँकेच्या स्टिकरचा हा तुकडा भाऊजींच्या चपलेला इथेच चिकटला. तो भिंत ओलांडून आला कसा? भाऊजी, ती मांडणी ओढा."

भाऊजींनी अंगातलं सगळं बळ लावलं. मांडणी फरशीवरच्या ओरखड्यावरून बिजागरीवर फिरली आणि मागे दार उघडलं. पलीकडे तांबं रचून ठेवलं होतं. खालच्या रांगेतलं एक भेंडोळं पोलिसांनी बाहेर ओढलं. वर निळा स्टिकर होता आणि मागच्या बाजूला, पुसायची राहून गेलेली, खडूची फुली.

टायवाला पांढराफटक पडला. "म्हणजे आम्हीही..."

"बँका कोणाच्या मालकीच्या असाव्यात, यावर लोकांनी खुशाल भांडावं," वहिनी म्हणाल्या. "या मालकांनी तुम्हा दोघांना सारखंच फसवलं."

पोलीस कारखानदाराला घेऊन गेले; मेहुण्याला आणायला दुसरी गाडी निघाली. चौकशी अधिकाऱ्याने मॅनेजरांचा हात हातात घेतला आणि निलंबन आजच मागे घेतलं जाईल, असं सांगितलं. मॅनेजर वहिनींपुढे हात जोडून उभे राहिले. भाऊजींनीही मॅनेजरांपुढे हात जोडले. त्यांना कितीतरी वर्षं हे करायचं होतं.

मुलगी लांबच उभी होती. "बाबा, चुकलं माझं. मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं."

"नको कसं?" मॅनेजर तिच्याजवळ गेले. "बँकेने विचारलं नाही, पेपरवाल्यांनी नाही, शेजाऱ्यांनी तर नाहीच. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तू एकटीने मला विचारलंस गं. तुझे फार उपकार झाले माझ्यावर."

"मग बोलत का नव्हतात?"

"हातात पुरावा नसताना काय सांगणार होतो? आता सांगतो." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही घेतले, बाळा."