आधी कोण उतरणार?

मी शपथ वगैरे घेणार नाही. ज्याला पटेल त्याने वाचावं. पण हे माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलंय, आणि माझे वडील प्रभाकर थापा मारणाऱ्यांतले नव्हते. उलट फार रुक्ष माणूस.

१९४९ चा मे महिना. दिवेलागणीची वेळ.

संस्थानं विलीन होत होती, अधिकाऱ्यांची धावपळ चालली होती. बुऱ्हाणपूरबाहेर, खकनारच्या बाजूला, लढाईच्या काळातली एक कच्ची धावपट्टी होती. तिथल्या पत्र्याच्या खोलीत बाबा वायरलेसवर बसायचे. पट्टीवर एका वेळी एकच विमान. दुसऱ्याला तापीवर फेऱ्या मारायला लावायचं, आणि पहिलं बाजूला झालं की नेमकं तेव्हाच त्याला खाली बोलवायचं. वेळ चुकली की माणसं मेली.

त्या संध्याकाळी दोन विमानं यायची होती. दुसऱ्यात वायरलेस सांभाळायला सुरेशकाका होते. बाबांचे धाकटे भाऊ.

अचानक धुळीचं वादळ उठलं. पट्टी दिसेना.

पहिलं विमान कसंबसं उतरून बाजूला झालं. काकांनी वरून कळवलं, पेट्रोल संपत आलंय. बाबा त्यांना 'या' म्हणणार, तेवढ्यात...

वायरलेसवर तिसराच आवाज आला.

"बाबूजी, पहले आम्ही आलो. आमचा नंबर हाय."

तिसरं विमान येणारच नव्हतं!

पण खरंच कुणी उतरत असेल तर? दोन्ही विमानं एकमेकांवर आदळणार. आणि कुणी नसेल, तर काकांचं उरलंसुरलं पेट्रोल फुकट जाणार.

"सुरेश, एक फेरी अजून मार."

मग छपरावरून घरघर गेली...

चाकं जमिनीला घासली...

आवाज पट्टीच्या टोकाला गेला आणि थांबला.

राखणदार कौतिक कंदील घेऊन धावला. परत आला तो पांढराफटक पडून.

पट्टी रिकामी होती.

बाबांनी काकांना खाली बोलावलं. त्यांचं विमान टेकलं आणि इंजिन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं.

बाबा भावाला मिठी मारून ढसाढसा रडले. काका मात्र इकडेतिकडे बघत होते.

"दादा, ते आमच्या पुढचं विमान किधर गेलं? पट्टीच्या टोकाला त्याचा दिवा दिसला म्हणून आम्ही बचलो. नाहीतर सीधे केळीच्या बागेत गेलो असतो."

बाबा त्यांना घेऊन आत आले.

खोलीत वायरलेस चालूच होता...

"बाबूजी, आमच्या मागे अजून बी हाईत. कवाचे फिरून राहिले. त्यांना बुलवा ना."

बाबांनी बटण बंद केलं.

पुढच्याच महिन्यात नोकरी सोडून ते शाळामास्तर झाले. काका नातवंडं खेळवून, सत्तरी ओलांडून गेले.

मला त्या आवाजाची भीती वाटत नाही. ज्याने माझ्या काकांना दिवा दाखवला, त्याची माणसं वर ताटकळत होती, आणि माझ्या बापाने बटण बंद केलं. त्यांना मग कुणी उतरवलं का, हे विचारायची हिंमत मला बाबा असेपर्यंत झाली नाही.