न दाखवलेली चूक

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली, तेव्हा तिच्या हातात एकतीस वह्यांचा गठ्ठा होता आणि वर्ग सुरू व्हायला सात मिनिटं उरली होती. नोकरीच्या शोधात असलेल्या मंडळींना ती तिसऱ्या मजल्यावर इंग्रजी शिकवायची. उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करणारी बाई अशी तिची ख्याती. आज सगळा वर्ग किती खूश होईल, हे तिला तिथूनच दिसायला लागलं.

वरून आवाज आला, "आत कोण आहे?"

"मी आहे."

"मी म्हणजे किती जण?"

"एकटीच. आणि एकतीस वह्या."

"मग वजनाची भानगड नाही. घाबरू नका... दाराला टेकू नका. पाच मिनिटं."

पाच मिनिटं म्हणता म्हणता वीस झाली. दार सरकलं तेव्हा वरच्या मजल्याची फरशी तिच्या छातीशी आली होती आणि त्या फरशीवर पालथा पडून लिफ्टचा मेकॅनिक हात पुढे करत होता.

"आधी तुम्ही या."

"आधी वह्या," ती म्हणाली.

त्याने एकतीस वह्या मुकाट्याने वर घेतल्या. मग तिला. हात चांगला घट्ट होता आणि ग्रीसने माखलेला.

ती साडी झटकत होती तोवर तो पायरीवर बसून रिपोर्टचा कागद भरायला लागला. तिने सहज वाकून पाहिलं. 'लिफ्ट इज स्टॉपिंग बिटवीन फ्लोअर्स.' चूक दिसली की तिला राहवायचं नाही.

"इज स्टॉपिंग नाही. स्टॉप्स."

"का? आत्ताच थांबली होती की!"

"तुम्हाला आत्ताचं सांगायचंय की नेहमीचं?"

"नेहमीचं. या महिन्यात सहाव्यांदा."

"मग साधा वर्तमानकाळ. इज स्टॉपिंग म्हणजे आत्ता, या घटकेला चाललंय. उद्या कदाचित नसेलही."

तो कागदाकडे बघत राहिला... आणि एकदम त्याने कपाळावर हात मारला. कपाळाला ग्रीस लागलं. "तरीच! मी दर वेळी नवा पार्ट मागतो आणि हेड ऑफिसमधला साहेब उलट कळवतो, 'मेकॅनिक जागेवर आहे, तो बघून घेईल.' अहो, तो मेकॅनिक मीच!"

ती इतकी हसली, की हसतच वर्गात शिरली. बाई उशिरा आल्या आणि वर हसतायत... वर्गाला काय करावं ते सुचेना.

आठ दिवसांनी नवा पार्ट आला. ते सांगायला तो दुपारच्या सुट्टीत वर्गाच्या दारात उभा राहिला आणि रिपोर्ट पाठवण्याआधी तुम्हाला दाखवत जाऊ का, असं त्याने विचारलं. कंपनीने त्याला वर्षभरासाठी या इमारतीच्या चार जुन्या लिफ्ट सांभाळायला पाठवलं होतं. ती म्हणाली, दाखवा. फार तर दहा मिनिटं लागतील.

दहाची पुढे तीस मिनिटं झाली. रिपोर्ट संपले तशी नुसती वाक्यं सुरू झाली. येण्याआधी तो हात घासून घासून धुवायचा, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. त्यामुळे तो बोटं मिटून बसायचा. हे तिच्या लक्षात आलं होतं. आपल्या हे लक्षात आलंय, हेही तिच्या लक्षात आलं होतं.

"साध्या वर्तमानकाळातलं एक वाक्य सांगा."

"टीचर स्कोल्ड्स मी."

"आता चालू वर्तमानकाळात."

"टीचर इज... स्कोल्डिंग मी."

"मी कुठे रागावतेय?"

"मग स्मायलिंग म्हणू?"

तिने वहीत तोंड खुपसलं. "वाक्य बरोबर आहे," एवढंच म्हणाली.

एकदा तिने त्याला काही क्रियापदांची यादी दिली. माहीत असणं, हवं असणं, आवडणं. इंग्रजीत यांना सहसा आयएनजी लावत नाहीत, कारण ही कामं नव्हेत, मनाची अवस्था आहे. यादीतला एक शब्द तिने घाईघाईने वाचला आणि पुढे गेली.

"तो मधला परत सांगा ना," तो म्हणाला.

"कुठला?"

"लव्ह."

"ऐकलात की!"

असे सहा महिने गेले. मग एके दिवशी तो अर्जाचा कागद घेऊन आला. दूरच्या एका शहरात सुपरवायझरची जागा निघाली होती. अर्ज स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहायचा होता. साहेब लोक भाषा बघणार होते. बारा वर्षं तो मेकॅनिकच्याच जागेवर अडकला होता.

"तपासून देता?"

तिने वाचला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम वॉन्टिंग धिस पोस्ट.' लाल पेन हातातच होतं. तिने कागदाची घडी घातली आणि परत दिली.

"छान आहे," ती म्हणाली.

घरी ती आणि आत्या अशा दोघीच. आत्याने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. नुसत्या 'हॅलो'वरून माणसाचं दुखणं ओळखायची. संध्याकाळी ताटातला घास तसाच राहिलेला पाहून ती म्हणाली, "चिमणे, कुणाचं वाईट केलंस?"

"तुला कसं कळलं?"

"तुझं कुणी केलं असतं, तर तू आल्या आल्या भांडली असतीस."

तिने सगळं सांगितलं. आत्याने कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. "सकाळी लवकर जा," एवढंच म्हणाली.

सकाळी ती सहा मजले चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचली, कारण चारही लिफ्ट बंद ठेवून तो तेलपाणी करत होता.

"अर्ज गेला?"

"कुरिअरवाला साडेनऊला येतो. अहो, धाप लागलीय तुम्हाला, बसा आधी."

"त्यात चूक आहे. तिसऱ्या ओळीत. आय वॉन्ट पाहिजे."

"काल वाचलात तेव्हा दिसली नाही?"

"दिसली."

त्याने तेलाचा डबा खाली ठेवला. "तुमच्या हातून तर साधा स्वल्पविराम सुटत नाही."

"सुटली नाही. मी सोडली. ही जागा मिळाली नाही तर तुम्ही इथेच राहाल, असं मनात आलं..."

तो बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. "बारा वर्षं वाट बघतोय मी, बाई."

"माहीत आहे. म्हणूनच आले."

त्याने कोरा कागद घेतला. तिने सांगितलं, त्याने लिहिलं. सही करून त्याने पाकीट बंद केलं आणि तिच्याकडे न बघता खाली गेला.

चार दिवस तो आला नाही. दुपारच्या सुट्टीत ती फळा पुसायची, पुसलेला परत पुसायची. आता येणार नाही, हे तिने जवळजवळ मान्य करून टाकलं होतं. पाचव्या दिवशी दारात सावली पडली.

"राग आला होता," तो म्हणाला. "दोन दिवस."

"आणि उरलेले दोन?"

"काय बोलायचं ते जुळवत होतो. काळ चुकायला नको म्हणून."

"मग बोला..."

"इंग्रजीत नको. तुम्ही लगेच तपासायला घ्याल." तो बोटं मिटून समोरच्या बेंचवर बसला. "तुम्ही मला आवडता. ती जागा मिळाली तर मी जाणार. पण एकट्याने जायचा विचार केला, की पुढचं काही सुचत नाही."

तिने पेनाचं टोपण लावलं. पेन खाली ठेवलं. आणि बेंचवरच्या त्याच्या मिटलेल्या बोटांवर हात ठेवला. "मलाही," ती म्हणाली. "पण आत्याला सोडून मी कुठेही येणार नाही."

"सोडायला कोण सांगतंय? त्यांना भेटायला कधी येऊ?"

"आधी जागा तर मिळू दे."

महिन्याभरात जागा मिळाली. त्या रविवारी नेमणुकीचं पत्र खिशात घालून तो तिच्या घरी आला. आत्याने पत्र चष्मा लावून वाचलं, खालची सहीसुद्धा वाचली. मग दोघांकडे बघत म्हणाली, "तुम्ही दोघं मला विचारायला आलात, की ठरवून सांगायला आलात?"

"विचारायला," तो म्हणाला.

"सांगायला," ती म्हणाली.

"आधी हे तरी ठरवा," आत्या उठत म्हणाली. "तोवर मी माझं कपाट रिकामं करायला घेते."