आत्याबाईंची जागा

त्या शहरात हातभर खणलं की पाणी लागतं. म्हणून तिथल्या जुन्या दफनभूमीत मेलेली माणसं जमिनीखाली नसतात, जमिनीवर असतात. एकेका घराण्याची एकेक दगडी खोली, गल्लीसारख्या ओळीत. आत फडताळासारखे कप्पे, कप्प्यांवर पेट्या. कोणी गेलं की तोंडाची विटांची भिंत फोडायची, पेटी आत सारायची, भिंत पुन्हा चढवायची. बड्या लोकांच्या खोल्यांना संगमरवरी खांब. मेल्यावरही शेजाऱ्याची जिरवायची हौस, दुसरं काय!

हे काम करायची गवंडीण. बापाकडून थापी आली आणि थापीबरोबर एक रीतही. शेवटची वीट बसवण्याआधी भोकाला तोंड लावून आतल्यांना विचारायचं, "कोणी अवघडलंय का?" श्वासभर थांबायचं, मग वीट. उत्तर कधी येत नाही. आलं असतं तर धंदा केव्हाच सोडला असता, असं ती स्वतःच हसून सांगायची.

त्या दिवशी छान ऊन पडलं होतं. आत्याबाई गुणगुणतच आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, तोंडाच्या फटकळ. मागून पुतण्या, फोनमध्ये डोकं घालून.

भांडण साधं होतं. आत्याबाईंना मेल्यावर आईशेजारी निजायचं होतं. पुतण्या म्हणायचा, खोली भरली, तुझी सोय शहराबाहेरच्या नव्या दफनभूमीत. सगळ्या परक्यांत. उरलीसुरली जागा त्याला स्वतःच्या बायकापोरांसाठी हवी होती. ज्या बाईनं त्याच्या आजीचं गूमूत काढलं, ती म्हणे घरातली पाहुणी! असल्या वागण्याला नीचपणा म्हणतात. त्याला दुसरा शब्द नाही.

शेवटी ठरलं, खोली उघडून बघायची. आत जागा नाही हे गवंडिणीला मात्र ठाऊक होतं. गेल्या वर्षी या पुतण्याच्या बापाची पेटी तिनंच आत सारली होती, खांदा लावून, घाम गाळून. आईच्या पेटीशेजारी हातसुद्धा शिरत नव्हता. त्या दिवशी वैतागून ती रीतीच्या बाहेर जाऊन ओरडलीही होती, "जरा सरकून घ्या की! आत्याबाई यायच्यात!" आणि वीट बसवली होती.

आता तिनं पुतण्याला गेल्या वर्षी भिंतीच्या ओल्या चुन्यात उमटवलेला आपल्या पंजाचा ठसा दाखवला. चुन्याला चीरसुद्धा नव्हती. मग तिनं छिन्नी लावली.

कुबट वास येईल म्हणून तिनं तोंडाला फडकं बांधलं होतं. वास आला तो उन्हात वाळलेल्या चादरींचा.

तिनं आत डोकावलं आणि छिन्नी खाली ठेवली.

आईच्या पेटीशेजारी जागा होती. माणूस आडवा होईल एवढी. बाकीच्या पेट्या पलीकडच्या भिंतीला चिकटल्या होत्या, बाकावर माणसं दाटीवाटीनं बसतात तशा. पेट्यांवरची धूळ जशीच्या तशी. कप्प्यावर ओढल्याचा ओरखडा नाही. मोकळी जागा तेवढी पुसलेली.

"तू आधीच काहीतरी केलंयस," पुतण्या म्हणाला.

"भिंत तुमच्यासमोर फोडली, साहेब."

"एवढ्यात मांजरसुद्धा मावणार नाही."

"मग मांजर आत जातं," आत्याबाई म्हणाल्या, आणि चपला काढल्या.

"आत्या, वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. सरक बाजूला."

गवंडिणीनं आधार दिला. म्हातारी कुरकुरत आत गेली, आडवी झाली, अंधारात दिसेनाशी झाली. मग आतून आवाज आला, "अगं, झकास! पाय लांब होतात की!"

गवंडीण खदखदून हसली. आतून आत्याबाईही हसल्या. मग त्या हळू आवाजात काहीतरी बोलायला लागल्या. थांबायच्या, बोलायच्या, परत थांबायच्या, कोणी मध्ये बोलत असल्यासारख्या. आणि पुन्हा हसल्या.

आत्याबाईंचं हसणं थांबलं. आतलं दुसरं हसणं जरा उशिरा थांबलं.

"आवाज घुमतोय," पुतण्या म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

खच्चून भरलेली खोली घुमत नाही.

"आत्या, बाहेर ये. ठीक आहे. जागा तुझी. बाहेर ये फक्त!"

"आत्ता कशी अक्कल आली!"

गवंडिणीनं हात आत घातला. आत्याबाईंचा हात उबदार होता. ओढलं, तर लगेच सुटेना. मग आतून कोणीतरी समजूतदारपणे सोडावा तसा सुटला.

आत्याबाई बाहेर आल्या त्या पोरीसारख्या लाल होऊन. त्यांनी उन्हात एक गिरकी घेतली.

"आता मरायची घाई नाही गं बाई! आता मजेत जगते!"

पुतण्या केव्हाच फाटकाबाहेर पडला होता. आत्याबाई पायरीवर बसून गाऊ लागल्या आणि गवंडीण विटा रचू लागली. शेवटच्या विटेपाशी तिनं त्या दिवशी काही विचारलं नाही.

"पोरी," आत्याबाई डोकं चोळत म्हणाल्या, "माझं डोकं का गं ओढतंय?"

गवंडीण चुना पुसत त्यांच्या मागे आली.

सकाळी त्या कसाबसा अंबाडा बांधून आल्या होत्या. आता पाठीवर वेणी होती. घट्ट, चापूनचोपून घातलेली, एक केस बाहेर नाही, शाळेत निघालेल्या मुलीची घालतात तशी. टोकाला रंग उडालेली रिबीन, फूल करून बांधलेली.

"ऊन लागलं असेल," गवंडीण म्हणाली.